सांगलीतल्या आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आणि तिचे नियम, ॲडमिशनवाल्यांसाठी खराखुरा रिव्ह्यू

कॉलेजचं नाव लिहीत नाहीये. सांगलीतलं आहे, शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे, बीसीए बीसीएस बीएस्सी सगळं आहे, एवढं पुरे, ज्याला ओळखायचंय तो तिसऱ्या ओळीत ओळखेल आणि ज्याला ओळखता येत नाही त्याचंही काही बिघडत नाही कारण यातल्या निम्म्या गोष्टी कुठल्याही कॉलेजच्या लॅबला लागू पडतात. सध्या ॲडमिशनचा सीझन असल्यामुळं ज्युनियर पोरं सारखं विचारतायत की ताई लॅब कशीय, नेट चालतंय का, नियम लई कडक आहेत म्हणे. तर आधी निकाल सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. मशीन बरी, नेट चांगलं, स्टाफ एकदम चांगला, आणि नियम अर्धे झकास अर्धे फक्त भिंतीवर लावायला. हे अर्धं-अर्धं का झालंय तेच मुख्य सांगायचंय, बाकीचं पटकन उरकते.

लॅब वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट फक्त स्टाफला, त्यामुळं पहिला नियम पायांना. वर का नेली असं पहिल्या वर्षाची पोरं विचारतात, अरे २०१९ चा पूर विसरलात का, हरभट रोड मारुती चौकात पाणी किती होतं ते आठवा, मग २०२१ ला परत तेच. तळमजल्यावर सर्व्हर ठेवणं म्हणजे कृष्णेला आमंत्रण. चपला बाहेर काढायच्या, रजिस्टरमध्ये सही करायची, बॅग रॅकवर. युपीएस चालू आहे, लाईट गेली तर सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो. बऱ्याच मशीन जुन्या आहेत, त्यांना विंडोज ११ चढतच नाही कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्या सगळ्यांवर उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, टाकलंय. सुरुवातीला पोरांनी बोंब मारली, आता सवय झालीय. प्रिंट दोन रुपये पान, बाहेरच्या झेरॉक्सवाल्यापेक्षा स्वस्त, पण टोनर संपला की आठवडाभर संपलेलाच असतो.

आता नियम. ॲडमिशनच्या वेळी कागदांचा जो गठ्ठा सही करायला देतात त्यात अँटी-रॅगिंगच्या हमीपत्राच्या खाली चार पानी इंग्लिश कागद असतो, कॉलेजची कॉम्प्युटर सिस्टीम जबाबदारीनं वापरण्याबद्दलचा. बारीक टाईप, लांबलचक वाक्यं, आणि खाली सही. जत आटपाडी कवठेमहांकाळकडून मराठी मीडियममधून आलेलं पोरगं, मागं रांग उभी, काउंटरवरचा क्लार्क 'आवर की लवकर' म्हणतोय, तो काय वाचणार? मी तरी अजून एकही माणूस बघितला नाही ज्यानं तो कागद तिथं उभं राहून वाचला. पण सहीचा अर्थ असा की वाचलं, समजलं, मान्य आहे. ह्या भागाला माझ्याकडून शून्य.

त्यामानानं यंदा लॅबमध्ये जो एक पानी मराठी कागद लावलाय तो बघा. लॅबच्या सरांनी आणि आमच्या नेटवर्किंगच्या मॅडमनी मिळून केलाय असं ऐकलं. साधी भाषा, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक नियमाच्या खाली एक ओळ, का म्हणून. 'दुसऱ्याच्या लॉगिननं बसू नका' आणि त्याच्या खाली 'कारण काही झालं तर नाव त्याचं निघेल, तुमचं नाही'. एवढंच. पोरं तो कागद खरंच वाचतात, प्रिंटची वाट बघत उभं असताना दुसरं काय करणार म्हणा.

पण नियम वाचणं वेगळं आणि पाळता येणं वेगळं. लॉगिनचंच बघा. मागच्या वर्षापर्यंत सगळ्या मशीनवर एकच युजर होता, नाव स्टुडंट, पासवर्ड स्टुडंट आणि पुढं एक दोन तीन, तोही मॉनिटरवर पट्टी लावून. आणि त्याच वेळी त्या चार पानी कागदात लिहिलेलं की तुमच्या अकाउंटवरून जे काही होईल त्याला तुम्ही जबाबदार. कुठलं अकाउंट ओ? पाचशे पोरांचं एकच अकाउंट असेल तर जबाबदार कोण धरणार, मॉनिटर? एकदा कुणीतरी एका सरांच्या नावानं फालतू मेल पाठवला तेव्हा हेच झालं, रजिस्टर काढलं, त्या तासाला त्या मशीनवर कोण होतं ते शोधलं, रजिस्टरमध्ये निम्म्या सह्या वाचता येत नव्हत्या आणि उरलेल्यातल्या काही 'शाहरुख' अशा होत्या. प्रकरण तिथंच बंद.

आता प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन दिलंय, पीआरएन म्हणजे विद्यापीठानं दिलेला कायमचा नोंदणी नंबर हेच युजरनेम, आणि पहिल्यांदा पासवर्ड म्हणून जन्मतारीख, पण पहिल्या लॉगिनलाच तो बदलायला लावतंय, न बदलता पुढं जाऊच देत नाही. हे लई महत्त्वाचं काम केलंय बरं का, कारण जन्मतारीख ही काही गुपित गोष्ट नाही, वर्गाच्या ग्रुपवर वाढदिवसाचे बॅनर पडतात तिथंच मिळते. आणि गंमत म्हणजे पासवर्ड शेअर करू नका हा नियम आधीपण होता, कुणी पाळत नव्हतं, आता न सांगता पाळला जातोय, कारण आता लॉगिनच्या मागं स्वतःच्या फाईली आहेत, स्वतःचा प्रिंटचा बॅलन्स आहे. मैत्रिणीला लॉगिन दिलं तर ती माझ्या बॅलन्सवर अख्खं जर्नल छापणार! माणूस भाषणानं सुधारत नाही, दोन रुपये पानानं सुधारतो.

दुसरी गोष्ट, आणि ही सगळ्यांनी नीट वाचा, विशेषतः ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही त्यांनी. स्कॉलरशिपचा सीझन आला की लॅबमध्ये महाडीबीटी ह्या राज्य सरकारच्या पोर्टलवर फॉर्म भरायला झुंबड उडते. आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान, सगळं स्कॅन करून व्हॉट्सॲप वेबवरून डाउनलोड करायचं आणि पोर्टलवर अपलोड करायचं. फॉर्म भरला, पोरगं खूश, एसटी पकडायला पळालं. डाउनलोड फोल्डर तसाच. व्हॉट्सॲप पण चालूच. जुन्या सिस्टीममध्ये मी बसायचे तेव्हा ओळखीपाळखीच्या नसलेल्या पोरांची आधारकार्डं समोर दिसायची, ओळीनं, नावासकट. चांगल्या माणसाच्या हातात पडलं तर तो डिलीट करेल, पण प्रत्येक जण चांगलाच असेल असं कुठं लिहिलंय. आधार आणि पासबुक दोन्ही एकत्र मिळणं म्हणजे तुमच्या नावावर काय काय होऊ शकतं याचा विचार करा. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीनं वापरली तर आयटी ॲक्टच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण तो गुन्हा सिद्ध होईपर्यंत तुमचं डिग्रीचं वर्ष संपलेलं असतं.

मराठी कागदात ह्याच्यावर सगळ्यात जास्त ओळी आहेत आणि बरोबर आहेत. फॉर्म झाला की डाउनलोड रिकामं करा, ट्रॅशपण रिकामं करा, व्हॉट्सॲप मोबाईलमधल्या लिंक्ड डिव्हायसेसमधून काढा, ब्राउझरनं पासवर्ड सेव्ह करू का विचारलं तर नेव्हर दाबा, आणि जिथं चालतंय तिथं मास्क्ड आधार द्या, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं, आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या सरकारी साईटवरून स्वतःचं स्वतः काढता येतं. पण नुसतं लिहून थांबले नाहीत. फॉर्मसाठी कोपऱ्यातल्या काही मशीन वेगळ्या ठेवल्यात, तिथं गेस्ट म्हणून बसायचं आणि लॉगआउट केलं की त्या बैठकीतलं सगळं पुसलं जातं, फाईली, हिस्टरी, सगळं. विसराळू पोरालाही सिस्टीमच सांभाळून घेते. मी तर म्हणेन लॅबमध्ये एवढी एकच सोय असती तरी मी तीन स्टार दिले असते.

जी खोड अजून गेली नाही ती म्हणजे इंटरनेटचं फिल्टर. आता फायरवॉल पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही, शंभर पोरं एकदम क्रिकेट बघायला लागली तर प्रॅक्टिकल कसं होणार. पण यांनी आधी यूट्यूब सरसकट बंद केलेलं. मग सरच वर्गात सांगणार की एनपीटीईएल ह्या ऑनलाईन कोर्सवाल्या उपक्रमाची लेक्चर्स बघा, आयआयटीची आहेत, फुकट आहेत, आणि ती लेक्चर्स बघायची कुठं, तर यूट्यूबवर! मग पोरांनी काय केलं, मोबाईलवरून फुकटातलं व्हीपीएन, म्हणजे फिल्टर चुकवून दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेट चालवणारं ॲप, आणलं आणि सगळी लॅब त्याच्यावर. नियमात व्हीपीएन वापरायला बंदी आहे, आणि बंदी योग्यच आहे, फुकट व्हीपीएनवाला तुमची सगळी ये-जा स्वतःच्या सर्व्हरवरून नेतो, तो कोण आहे आणि त्या माहितीचं काय करतो कुणास ठाऊक. पण सरळ रस्ता बंद केला की लोक बांधावरून जाणारच. आता निदान लेखी अर्ज दिला की एक-दोन दिवसांत साईट उघडून देतात, एनपीटीईएल आणि सॉफ्टवेअर शिकवणारं स्पोकन ट्युटोरियल कायमचं उघडं केलंय, त्यामुळं व्हीपीएनचं प्रमाण बरंच कमी झालंय.

मात्र वायफायचं लॉगिन पान उघडताना ब्राउझर लाल अक्षरात ओरडतो की हे कनेक्शन सुरक्षित नाही, आणि लॅबमधला असिस्टंट दादा सांगतो, 'काय नाही, ॲडव्हान्स्ड दाब आणि प्रोसीड कर.' हे मला अजिबात पटत नाही. एका बाजूला तुम्ही पोरांना सायबर सिक्युरिटीचं लेक्चर देताय आणि दुसऱ्या बाजूला रोज सकाळी त्यांना ट्रेनिंग देताय की ब्राउझरनं धोका सांगितला तर दुर्लक्ष करून पुढं जा. उद्या बँकेच्या नकली साईटवर तोच इशारा आला तर ते पोरगं तेच करणार. पान खरं असल्याचं नीट सर्टिफिकेट बसवलं की हा इशारा जातो, त्याला फार खर्च येत नाही, लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था तर फुकट देते. मी दोनदा मॅडमच्या कानावर घातलंय, 'बघू गं, फायरवॉलवाल्या कंपनीच्या माणसाला सांगितलंय' असं उत्तर आहे. अर्धा स्टार इथं कापला.

भिंतीवरचा जुना पोस्टर अजून काढलेला नाही, त्याच्याबद्दल बोललंच पाहिजे. मोठ्या लाल अक्षरात, सोशल मीडियावर आक्षेपार्ह मजकूर टाकल्यास आयटी ॲक्ट कलम ६६अ अन्वये तीन वर्षं तुरुंगवास. अहो ते कलम २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलंय! आणि तो खटला उभा राहिला तो आपल्याच महाराष्ट्रातल्या प्रकरणावरून, २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यातली एक पोस्ट करणारी आणि दुसरी नुसती लाईक करणारी. म्हणजे आता जी पोरं फर्स्ट इयरला येतायत ती बालवाडी-पहिलीत असताना गेलेलं कलम दाखवून त्यांना घाबरवणं चाललंय. घाबरवायचंच असेल तर जिवंत कलमं आहेत की, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरणं, डेटा पळवणं, व्हायरस सोडणं हे कलम ४३ मध्ये आहे आणि लबाडीनं केलं तर ६६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एखाद्या पोरानं गूगल करून ६६अ मेलंय हे शोधलं की मग तो त्या पोस्टरवरची खरी कलमंपण हसण्यावारी नेणार.

पाळत. कागदात स्पष्ट लिहिलंय की कोण कधी बसला, कुठल्या साईटवर गेला याचा लॉग ठेवला जातो आणि गरज पडली तर तपासला जातो. काही पोरांना हे ऐकून राग आला. मला नाही आला, सांगून ठेवतायत हे चांगलंच, आणि लॉग ठेवणं ही काही कॉलेजची हौस नाही, सर्ट-इन ह्या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशातपण सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलंय. प्रश्न वेगळा आहे. गरज पडली म्हणजे कधी? तपासणार कोण, प्राचार्यांच्या सहीनं का कुणीही? पोरीनं कुठलं पान उघडलं हे बघून कुणी स्टाफरूममध्ये चर्चा केली तर तक्रार कुणाकडं करायची? याबद्दल एक ओळ नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजांनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलंय, तो लॅबच्या दारात चपलेबरोबर काढून ठेवायचा नसतो. कॅमेरे आहेत तेही एक-दोन असे लावलेत की कीबोर्ड सरळ दिसतो, म्हणजे पासवर्ड टाईप करतानापण. ते तरी जरा फिरवा राव.

पेनड्राईव्ह दारातल्या मशीनवर स्कॅन केल्याशिवाय आत नेता येत नाही, कटकट वाटते पण जिनं शॉर्टकट व्हायरसमुळं प्रोजेक्टचे फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी ओळीनं नुसते शॉर्टकट उरलेले बघितलेत तिला हा नियम पटतो. शिवाय उबंटूवर ती भानगड तशी कमीच. चोरीचं सॉफ्टवेअर टाकायचं नाही हा नियम पूर्वी सगळ्यात हास्यास्पद होता, कारण लॅबमध्येच क्रॅक केलेलं फोटोशॉप होतं आणि गणपतीचे बॅनर त्याच्यावरच व्हायचे. कॉपीराईट ॲक्टच्या कलम ६३ब मध्ये जाणूनबुजून पायरेटेड प्रोग्राम वापरल्याबद्दल किमान सात दिवस कैद लिहिलीय, ते कुणाला लागू करायचं हा प्रश्नच होता. आता गिम्प आणि लिब्रेऑफिस ही फुकट सॉफ्टवेअर आहेत, प्रश्न मिटला. फक्त सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला अजून जुनं टर्बो सीच वापरतात, जुने प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये घालून, निळा स्क्रीन, नव्वदीच्या सुरुवातीचा. त्याला नियमावली तरी काय करणार.

खाणंपिणं बंद आहे, आणि सांगलीत हा नियम लागतोच, कारण कीबोर्डात अडकलेलं भडंग काढायचं काम मी स्वतः बघितलंय. गेम बंद, पण शेवटच्या रांगेत चालतंय ते सगळ्यांना माहितीय.

बाहेरच्या सायबर कॅफेशी तुलना करायची तर एक सांगते. कॅफेवाल्यांना २०११ पासून केंद्राचे नियम आहेत, ओळखपत्र बघायचं, रजिस्टर किमान एक वर्ष ठेवायचं, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच करायचं नाही, इतकं बारीक. पण मी ज्या कॅफेत परीक्षेचा फॉर्म भरला तिथं ओळखपत्र कुणी मागितलं नाही आणि डेस्कटॉपवर आधीच्या गिऱ्हाईकांचे पॅनकार्ड पडलेले. त्या मानानं आमची लॅब दहापट बरी. कुठंही फसवणूक झालीच, पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा, लॅबच्या कागदावर हा नंबर खाली मोठ्ठा छापलाय आणि तो बरोबर आहे.

वेळ हा मात्र मोठा मायनस. सकाळी साडेनऊ ते पाच. ज्याच्याकडं लॅपटॉप आहे त्याला लॅब लागत नाही, ज्याला लागते तो तासगाव विटा जतवरून एसटीनं येतो, दिवसभर लेक्चर प्रॅक्टिकल, आणि पाचला कुलूप. मागणी केलीय की आठवड्यातले दोन दिवस तरी सातपर्यंत उघडी ठेवा, हॉस्टेलवाल्यांना पण फायदा. प्राचार्य म्हणाले वॉचमनचा प्रश्न आहे.

नवीन येणाऱ्यांनो, पहिल्याच आठवड्यात लॉगिन उघडून पासवर्ड बदला, नंतर पोर्टल हँग होतं आणि रांग जिन्यापर्यंत जाते. स्कॉलरशिपचा फॉर्म सकाळी पहिल्या तासाला भरा, दुपारनंतर महाडीबीटीचा ओटीपी येता येत नाही. आणि खिडकीजवळची शेवटून दुसरी मशीन घेऊ नका, तिचा स्पेसबार अडकतो.